डेव्हिल्स आयलंडचा थांबा : फ्रेंच गयानातील बंदीबेटे क्रूझमधून पाहणाऱ्यांसाठी

फ्लोरिडाहून किंवा कॅरिबियन बेटांवरून ॲमेझॉनच्या मुखाकडे निघणाऱ्या क्रूझच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘डेव्हिल्स आयलंड’ या नावाचा एक दिवस बऱ्याचदा असतो. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर फ्रेंच गयाना हा फ्रान्सचा प्रदेश आहे, आणि तेथील कुरू या गावापासून सुमारे १४ किलोमीटरवर समुद्रात तीन लहान बेटे आहेत. फ्रान्सने १८५२ पासून जवळजवळ शंभर वर्षे आपले कैदी या बेटांवर आणि समोरच्या मुख्य भूमीवर पाठवले. अंदमानचे नाव ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला समुद्रापारच्या शिक्षेची कल्पना वेगळी समजावून द्यावी लागत नाही. तरीही या बेटांवर जाणाऱ्याने थोडी तयारी करून जावे, असा माझा आग्रह आहे. बेट आज इतके देखणे आहे, नारळाच्या राया, मोर आणि माकडे यांनी इतके भरलेले आहे, की काय पाहायचे हे आधी ठरवले नसेल तर तेथे तुरुंग दिसतच नाही. हाती जेमतेम चार-पाच तास असतात. ते तास सार्थकी लागावेत, एवढ्यासाठी पुढील क्रम सुचवत आहे.

तीन बेटांपैकी आपण कोठे उतरणार, हे आधी समजून घ्यावे

या तिन्ही बेटांना मिळून ‘ईल द्यु साल्यू’ म्हणतात. सर्वांत मोठे ईल रॉयाल सुमारे २८ हेक्टरांचे आहे, सें-जोझेफ २० हेक्टरांचे, तर ज्याच्या नावाने सगळी प्रसिद्धी झाली ते ईल द्यु द्याब्ल, म्हणजेच डेव्हिल्स आयलंड, अवघे १४ हेक्टरांचे. क्रूझचे प्रवासी ईल रॉयालवर उतरतात. डेव्हिल्स आयलंडवर उतरण्यास पर्यटकांना मनाई आहे आणि भोवतालचे प्रवाहही धोकादायक आहेत. ते बेट रॉयालच्या किनाऱ्यावरून, मधल्या अरुंद खाडीपलीकडे पाहायचे असते. हे ठाऊक नसल्यामुळे अनेक प्रवाशांचा धक्क्यावरच हिरमोड होतो.

तिन्ही बेटांचा उपयोगही वेगवेगळा होता. रॉयालवर कारभाराची कचेरी, रुग्णालय, पहारेकऱ्यांची वस्ती आणि धोकादायक समजल्या गेलेल्या कैद्यांच्या बराकी होत्या. सें-जोझेफवर एकांतवासाची शिक्षा भोगावी लागे. डेव्हिल्स आयलंडवर एके काळी कुष्ठरोगी कैदी ठेवले जात. १८९५ मध्ये ते रिकामे करून तेथे एकाच राजकीय कैद्याला ठेवण्यात आले आणि पुढेही ते बेट राजद्रोहासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या मोजक्या लोकांसाठीच राखलेले होते. सर्वसाधारण कैदी तेथे नसत. चित्रपट आणि साहसकथांमुळे रूढ झालेली, हजारो कैद्यांनी गजबजलेल्या डेव्हिल्स आयलंडची प्रतिमा त्यामुळे बाजूला ठेवूनच बोटीत बसावे.

कागदपत्रे : येथे हयगय चालत नाही

फ्रेंच गयाना हा फ्रान्सचा भाग असला तरी तो शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाही. आपल्या पासपोर्टवर फ्रान्सचा शेंगेन व्हिसा असला, तरी तो येथे आपोआप लागू होत नाही. म्हणून आरक्षण करतानाच क्रूझ कंपनीला विचारावे की, भारतीय पासपोर्टधारकाला या थांब्यासाठी कोणता व्हिसा लागेल. आणि उत्तर लेखी घ्यावे. दलालाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. याच सफरीत ब्राझीलचे थांबे असतील तर त्या देशाचा व्हिसाही लागतो, आणि सफर अमेरिकेतून निघून पुन्हा अमेरिकेतच संपणार असेल तर अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा अधिक वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे पाहावे. एखाद्या थांब्याची कागदपत्रे अपुरी असतील तर काही कंपन्या प्रवाशाला जहाजावर चढूच देत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी अट पीतज्वराच्या लसीची, म्हणजे आपण ज्याला ‘यलो फीव्हर’ म्हणतो त्या तापाच्या लसीची आहे. फ्रेंच गयानात प्रवेश करताना एक वर्षावरील प्रत्येकाकडे या लसीचे प्रमाणपत्र असावे लागते. लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ते प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते आणि एकदा घेतलेली लस आयुष्यभरासाठी मान्य असते. भारतात ही लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांवरच मिळते. तेथे वेळ मिळायला उशीर लागू शकतो, म्हणून निघण्याच्या निदान दोन महिने आधी चौकशीला लागावे. वय ६० च्या पुढे असेल, अंड्याची ॲलर्जी असेल किंवा रोगप्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील, तर आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेणे अत्यंत आवश्यक आहे. निवृत्तीनंतर सहलीला निघालेल्या जोडप्यांनी हा मुद्दा विशेष गांभीर्याने घ्यावा. परतीच्या प्रवासातही हे प्रमाणपत्र हातातल्या पिशवीत ठेवावे; पीतज्वराच्या प्रदेशातून येणाऱ्या आणि प्रमाणपत्र नसलेल्या प्रवाशाला भारतातील विमानतळावर विलगीकरणात ठेवता येते.

हवामान आणि सामान

बेटे विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे ५ अंशांवर आहेत. उकाडा आणि दमटपणा वर्षभर असतो. ऑगस्टपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ कोरडा असतो, पण ॲमेझॉनच्या बऱ्याचशा क्रूझ हिवाळ्याच्या महिन्यांत निघतात आणि तेव्हा येथे पाऊस असतो. सर आली की दगडी वाटा शेवाळाने निसरड्या होतात, त्यामुळे चप्पल किंवा सँडल न घालता पकड असलेले बंद बूट घालावेत. घडी घालून ठेवता येईल असा पातळ रेनकोट, टोपी, डास पळवणारे मलम आणि प्रत्येकी निदान एक लिटर पाणी घ्यावे. बेटावर दुकाने नाहीत. टेकडीवरच्या पथिकगृहात खाण्यापिण्याची सोय होते, मात्र जहाजाची गर्दी आली की तेथे रांग लागते. चलन युरो आहे आणि पैसे काढण्याचे यंत्र नाही, म्हणून थोडे सुटे युरो जवळ असावेत. माहितीफलकांची भाषा मुख्यतः फ्रेंच असल्याने भाषांतराचे ॲप आणि बेटाचा नकाशा जहाजावर असतानाच फोनमध्ये उतरवून घ्यावा.

जहाजावरून धक्क्यापर्यंत

बेटांना मोठे बंदर नाही. जहाज खोल पाण्यात नांगर टाकते आणि प्रवाशांना टेंडर नावाच्या छोट्या बोटींतून धक्क्यावर नेले जाते. सकाळी कोठे जमायचे आणि टेंडरचे क्रमांक कसे मिळणार, याची सूचना आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये येते. पहिल्या दोन-तीन बोटींत जागा मिळवावी, असे मी मनापासून सांगेन. त्याने ऊन वाढण्यापूर्वी चढ संपतो आणि गर्दी येण्यापूर्वी जुन्या कोठड्यांपाशी शांतपणे उभे राहता येते.

बोटीत पाऊल टाकताना खलाशी हात देतात तेव्हा त्यांचे मनगट घट्ट धरावे, दोन्ही हात मोकळे ठेवावेत आणि पिशवी पाठीवर असावी. लाटेबरोबर बोट वरखाली होते. खलाशाने ‘आता’ म्हटल्याशिवाय पाय उचलू नये. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी किंवा चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांनी आदल्या दिवशीच जहाजावरील कर्मचाऱ्यांशी बोलून घ्यावे. समुद्र खवळलेला असेल तर कप्तान हा थांबा ऐन वेळी रद्दही करतो, आणि त्या निर्णयावर हुज्जत घालण्यात अर्थ नसतो.

पाणी निळे नसेल याचीही तयारी ठेवावी. ॲमेझॉन नदीचा गाळ किनाऱ्याला धरून वायव्येकडे वाहत येतो, त्यामुळे पावसाळ्यात कोकणातल्या खाडीचे पाणी जसे गढूळ दिसते, तसे येथील समुद्राचे पाणी अनेकदा दिसते.

उतरल्याबरोबर शेवटच्या टेंडरची वेळ फलकावर पाहून घ्यावी आणि घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवावे. स्थानिक वेळ आणि जहाजाची वेळ नेहमी एक असतेच असे नाही, आणि फोन आपोआप वेळ बदलतो.

ईल रॉयालवर : आधी टेकडी, मग किनारा

धक्क्यावरून दोन वाटा निघतात. एक दगडी वाट चढाची असून थेट माथ्यावर जाते, दुसरी किनाऱ्याने बेटाला वळसा घालते. दम लागत नसेल तर आधी चढाच्या वाटेने माथा गाठावा आणि उतरताना किनाऱ्याची वाट धरावी. बेटाचा माथा समुद्रसपाटीपासून ६६ मीटरच उंच आहे, पण दमट हवेत तेवढाही चढ जाणवतो; चालण्याचा त्रास असणाऱ्यांनी किनाऱ्याचीच वाट निवडावी.

आधी जुन्या संचालकाच्या घरातील संग्रहालय पाहावे. बाहेरच्या भग्न भिंतींचा अर्थ लागण्यासाठी ज्या गोष्टी ठाऊक असाव्या लागतात, त्या तेथे मिळतात. त्यांतील काही येथेच सांगून ठेवतो, कारण माझ्या मते या भेटीचा गाभा त्यांत आहे.

तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत १८५२ मध्ये कैद्यांची पहिली तुकडी या बेटांवर उतरली. त्यानंतर १९३८ मध्ये नव्या कैद्यांची पाठवणी कायद्याने थांबेपर्यंत सुमारे ७० हजार माणसे फ्रेंच गयानात पाठवली गेली. त्यांत खुनी होते, तसेच किरकोळ चोऱ्या वारंवार करणारेही होते, कारण १८८५ च्या कायद्याने सराईत गुन्हेगारांना आयुष्यभरासाठी वसाहतीत धाडण्याची तरतूद केली होती. मलेरिया, पीतज्वर, आमांश, अपुरे अन्न आणि जंगलतोडीचे काम यांनी त्यांतील असंख्य माणसे मेली. पण मला सर्वांत क्रूर वाटतो तो १८५४ चा कायदा. आठ वर्षांपेक्षा कमी शिक्षा झालेल्या कैद्याने ती भोगून झाल्यावर तेवढीच वर्षे पुन्हा वसाहतीत काढायची, आणि शिक्षा आठ वर्षे वा त्याहून अधिक असेल तर मरेपर्यंत तेथेच राहायचे, असा तो नियम होता. कागदोपत्री सुटलेला माणूस कामधंदा नसलेल्या, परक्या, तापाने पछाडलेल्या गावात मोकळा सोडला जाई. साखळी निघाल्यावरही घर नाहीच, ही गोष्ट मनात ठेवून बेटावर फिरले तर प्रत्येक इमारत वेगळी दिसते.

माथ्यावर पूर्वीचे पहारेकऱ्यांचे भोजनगृह आहे. तेच आजचे पथिकगृह. त्याच्या व्हरांड्यातून समुद्र फार सुंदर दिसतो, पण बसकण मात्र सगळे पाहून झाल्यावर मारावी. जवळच चॅपेल आहे. आतील चित्रे फ्रान्सिस लाग्रांज या कैद्याने काढलेली आहेत. चित्रांच्या आणि नोटांच्या बनावटगिरीसाठी त्याला शिक्षा झाली होती. पुढे रुग्णालयाची मोठी इमारत, दीपगृह आणि कैद्यांच्या श्रमांतून उभा राहिलेला पाण्याचा तलाव लागतो. रुग्णालय मोडकळीस आलेले असल्यामुळे ते बाहेरूनच पाहावे आणि कोणतेही कुंपण ओलांडू नये.

देहदंडाची शिक्षा झालेल्यांच्या कोठड्या आणि गिलोटिन, म्हणजे शिरच्छेदाचे यंत्र, उभे केले जाई ती जागा येथेच आहे. कोठडीत शिरून दार लोटून छायाचित्र काढण्याची हौस अनेकांना होते. ती आवरावी, असे मला वाटते. मुलांचे एक छोटे दफनस्थानही बेटावर आहे. पहारेकरी आणि अधिकारी यांच्या कुटुंबांतील ही मुले येथील आजारांना बळी पडली. कैद्यांच्या कबरी मात्र शोधून सापडणार नाहीत. बेटांवर मेलेल्या कैद्यांची प्रेते समुद्रात सोडली जात, जेथे शार्क असत.

पलीकडचे बेट

किनाऱ्याच्या वाटेने उत्तरेच्या बाजूला आलो की समोर नारळांनी भरलेले डेव्हिल्स आयलंड दिसते. दुर्बीण असेल तर येथे काढावी. आल्फ्रेड ड्रेफस यांना ठेवले होते ती दगडी झोपडी तिच्यातून ओळखता येते. फ्रेंच लष्करातील या ज्यू कॅप्टनवर जर्मनीला गुपिते पुरवल्याचा खोटा आरोप ठेवून १८९४ मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना जन्मभराच्या हद्दपारीची शिक्षा दिली. एप्रिल १८९५ पासून जून १८९९ पर्यंत ते त्या बेटावर होते. पहाऱ्यावरील माणसांना त्यांच्याशी एक शब्दही बोलण्याची परवानगी नव्हती. ते पळाल्याची खोटी बातमी १८९६ मध्ये पसरली, तेव्हा रात्री त्यांचे पाय पलंगाला जखडण्यात आले आणि झोपडीभोवती असे उंच कुंपण घालण्यात आले की समुद्रही दिसू नये. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला यांनी जानेवारी १८९८ मध्ये राष्ट्राध्यक्षांना उद्देशून लिहिलेल्या खुल्या पत्राने फ्रान्स ढवळून निघाले. ड्रेफस यांची निर्दोष मुक्तता होण्यास मात्र १९०६ उजाडले. त्या वाटेवर दहा मिनिटे तरी उभे राहावे.

याच किनाऱ्यावर खडक रचून बंदिस्त केलेला पाण्याचा एक भाग आहे. तो कैद्यांनी केलेला तलाव म्हणून दाखवला जातो. त्याच्या बाहेर पोहण्याचे धाडस करू नये.

सें-जोझेफला जाता आले तर

बहुतेक क्रूझच्या वेळापत्रकात सें-जोझेफ नसते. कधी स्थानिक बोट रॉयालहून तेथे जाते. धक्क्यावर उतरताच चौकशी करावी, आणि परतीची वेळ शेवटच्या टेंडरच्या किमान दीड तास आधीची असेल तरच जावे. पळण्याचा प्रयत्न केलेल्या किंवा वसाहतीत नवा गुन्हा केलेल्या कैद्यांना येथील कोठड्यांत एकांतवास भोगावा लागे. कोठडीला वर छताऐवजी लोखंडी गज होते आणि त्यांवरून पहारेकरी फिरत. बोलण्यास पूर्ण बंदी होती. आज झाडांच्या मुळांनी त्या भिंती वेढून टाकल्या आहेत, दगड सुटे झालेले आहेत, म्हणून आत वावरताना डोके आणि पाय दोन्ही सांभाळावेत. किनाऱ्यावर पहारेकऱ्यांचे दफनस्थान आहे.

आल्बेर लोंद्र हा फ्रेंच पत्रकार १९२३ मध्ये ही वसाहत पाहून गेला आणि त्याच्या वृत्तमालिकेने पॅरिसमधील वाचकांना प्रथमच येथील स्थिती समजली. त्यानंतरही पाठवणी थांबायला पंधरा वर्षे लागली आणि शेवटचे कैदी १९५३ मध्ये मायदेशी परतले.

प्राणी आणि अवकाशतळ

रॉयालवर माकडे, इग्वाना, मोर आणि सशाएवढे अगूती नावाचे प्राणी निर्धास्त फिरतात. माकडांना खाऊ घालू नये. ती पिशवी ओढतात आणि चावतातही. पडलेली वीट किंवा गंजलेला खिळा आठवण म्हणून उचलू नये.

ही बेटे आज फ्रान्सच्या राष्ट्रीय अवकाश संस्थेच्या अखत्यारीत आहेत, कारण कुरू येथील अवकाशतळावरून सुटणाऱ्या अग्निबाणांचा मार्ग या परिसरावरून जातो. उड्डाणाच्या दिवशी बेटे रिकामी केली जातात, त्यामुळे सफरीच्या तारखेला उड्डाण ठरलेले नाही ना, हे निघण्यापूर्वी पाहावे. भारताचा ‘ॲपल’ हा प्रायोगिक दळणवळण उपग्रह १९ जून १९८१ रोजी याच कुरूहून एरियान अग्निबाणाने अवकाशात गेला आणि त्यानंतर इन्सॅट व जीसॅट मालिकांतील अनेक उपग्रहही येथूनच सोडले गेले. घरात इस्रोविषयी आस्था असलेली मुले असतील तर त्यांना हे अवश्य सांगावे.

अधिक वेळ असेल तर

या विषयाची खरी ओढ असेल त्यांनी क्रूझच्या थांब्यावर समाधान मानू नये, असे मी सुचवेन. विमानाने फ्रेंच गयानाची राजधानी कायेन गाठून कुरूहून प्रवासी बोटीने बेटांवर जाता येते, आणि रॉयालच्या पथिकगृहात रात्री मुक्कामही करता येतो. मग पश्चिमेकडे कायेनपासून सुमारे २५० किलोमीटरवर, मारोनी नदीच्या काठी सें-लोराँ-द्यु-मारोनी हे गाव आहे. फ्रान्सहून आलेली कैद्यांची जहाजे तेथे लागत आणि तेथील आवारात प्रत्येकाची वर्गवारी करून पुढे कोणाला जंगलतोडीला, कोणाला बेटांवर धाडायचे ते ठरे. ते आवार जतन केलेले आहे. कोठड्यांचा भाग मार्गदर्शकाबरोबरच दाखवला जातो, म्हणून गावात पोहोचल्यावर आधी पर्यटन कार्यालयात जाऊन फेरीची वेळ घ्यावी.